गुरांच्या खुराकात जीवनसत्त्वे आली कुठून?

गुरांच्या डॉक्टरीची पहिली शाळा फ्रान्समधल्या लियाँ शहरात क्लोद बूर्जेला यांनी १७६१ साली उभारली, ती बुळकांडीच्या धसक्याने. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. साथीशी चाललेली झुंज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. पण साथ नसतानाही जनावर खंगते, गाभडते, आंधळे होते. त्यामागे खुराकातली उणीव असू शकते, हे ध्यानात यायला विसावे शतक उजाडले.

१९०७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने १६ कालवडींचे चार गट केले. एका गटाला फक्त मका, दुसऱ्याला गहू, तिसऱ्याला ओट, चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. कडबा, पाला, दाणे सगळे त्या त्या पिकाचेच. प्रथिने आणि ऊर्जा कागदावर तंतोतंत जुळवलेली, त्यामुळे तेव्हाच्या हिशेबाने चारही गट सारखेच पोसायला हवे होते. मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत राहिल्या, दिवस भरून व्यायल्या आणि वासरेही धडधाकट निघाली. गव्हावरच्यांची वासरे तीन-चार आठवडे आधीच पडली, एक तर मेलेली, नाहीतर काही तासांची सोबती. प्रयोगशाळेचे कोष्टक खोटे नव्हते, अपुरे होते. याच प्रयोगात काम करणारे एल्मर मॅकॉलम गाईंच्या संथ गतीला कंटाळून उंदरांकडे वळले आणि १९१३ मध्ये त्यांना लोण्यातला जो घटक सापडला तो म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व. पिवळ्या मक्यातल्या आणि हिरव्या पाल्यातल्या कॅरोटीनपासून गाय ते स्वतःच बनवते, हे नंतर उलगडले.

मला मात्र न्यूझीलंडची गोष्ट जास्त बोलकी वाटते. तिथल्या काही कुरणांत गुरे पोटभर हिरवे गवत खाऊनही वाळून मरत, आणि दुसऱ्या कुरणात हलवली की सुधारत. लोहयुक्त माती चारल्यावर गुण येई, म्हणून सारे श्रेय लोहाला गेले. १९३०च्या दशकात ऑस्ट्रेलियात फिल्मर आणि अंडरवूड या संशोधकांनी त्या मातीतले लोह काढून टाकले, तरीही गुण आला! काम करत होता तो मातीतला अत्यल्प कोबाल्ट हा धातू. १९४८ मध्ये ‘ब-१२’ जीवनसत्त्व वेगळे केले गेले आणि त्याच्या गाभ्यात कोबाल्ट निघाला. गाईच्या कोठीपोटातले, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू या कोबाल्टपासून ‘ब-१२’ तयार करतात, ‘ब’ गटातली बाकीची जीवनसत्त्वेही बनवतात; म्हणून धडधाकट मोठ्या जनावराला ‘ब’ गटाची इंजेक्शने सहसा लागत नाहीत. कोठीपोट अजून चालू न झालेल्या वासराचे तसे नसते, त्याला ही जीवनसत्त्वे दुधातूनच मिळावी लागतात.

दुग्धज्वरातही कारण कळण्याआधी उपाय सापडला. व्यायल्यावर आडवी पडलेली गाय कासेत हवा भरली की उठे, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होते. दूध तयार होणे थांबते आणि रक्तातले कॅल्शियम कासेकडे ओढले जात नाही, हे कारण १९२५ नंतर पटू लागले, आणि पुढे शिरेतून कॅल्शियम देण्याची पद्धत रुळली.

‘अ’, ‘ड’ आणि ‘ई’ यांच्याबाबत हिशेब वेगळा. ही कोठीपोटात बनत नाहीत. ‘ड’ उन्हातून मिळते, ‘अ’ आणि ‘ई’ हिरव्या चाऱ्यातून. महिनोन्महिने जुन्या कडब्यावर असलेल्या गाभण गाईला ती वरून द्यावी लागतात, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच, कारण जादा ‘अ’ यकृतात साठत जाते आणि जादा ‘ड’मुळे रक्तवाहिन्यांत चुना बसतो.