मजल की हात? स्पॅनिश 'येगार' आणि 'आल्कान्सार' इंग्रजीत उतरवताना

'आल्कान्से आ बेर्ला, पेरो नो येगे आ आब्लार्ले.' गाडी हलली आहे, फलाटावरच्या गर्दीत ती क्षणभर दिसते आणि डबा पुढे सरकतो. ही हकिकत नंतर सांगणारा एवढंच म्हणतो. शब्दकोशात पाहावं तर 'आल्कान्सार' आणि 'येगार' या दोन्ही क्रियापदांपुढे इंग्रजी 'रीच' सापडतं. ते इथे बसत नाही, म्हणून बरेच जण 'मॅनेज' वापरतात: 'आय मॅनेज्ड टू सी हर, बट आय डिडन्ट मॅनेज टू स्पीक टू हर'. व्याकरणात चूक नाही, अर्थही साधारण पोचतो. पण मूळ वाक्यात दोन क्रियापदं होती आणि बोलणाऱ्यानं ती विचारपूर्वक निवडली होती. इंग्रजीत त्यांचं एकच होऊन गेलं.

आधी उच्चाराचं सांगतो, कारण कानावर पडताना इथेच गोंधळ होतो. 'येगार' हा बहुतेक ठिकाणचा उच्चार. अर्जेंटिनातल्या बुएनोस आयरेस आणि उरुग्वेतल्या मोन्तेविदेओकडे तोच शब्द 'शेगार' असा ऐकू येतो. 'आल्कान्सार' स्पेनच्या बऱ्याच भागात 'आल्कान्थार' होतं. शिवाय 'येगो' या रूपात आघात पहिल्या अक्षरावर असला तर 'मी पोचतो' आणि शेवटच्या अक्षरावर असला तर 'तो पोचला'. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी अर्थ दिला आहे.

दोन्ही शब्दांची मुळं पाहिली की फरक डोळ्यांसमोर उभा राहतो. 'येगार' लॅटिनमधल्या 'प्लिकारे'वरून आलं. त्याचा अर्थ घडी घालणं, दुमडणं. बंदराला लागताना खलाशी शीड गुंडाळतात, म्हणून दुमडणं म्हणजे पोचणं, असं याचं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. गंमत अशी की याच 'प्लिकारे'वरून रोमानियन भाषेत 'निघणं' या अर्थाचं क्रियापद तयार झालं. 'आल्कान्सार'च्या मुळाशी लॅटिनमधली टाच आहे, 'काल्क्स'. जुन्या स्पॅनिशमध्ये 'एन्काल्सार' म्हणजे एखाद्याचा पाठलाग करणं. पुढे पळणाऱ्याच्या टाचेला आपला पाय लागेल इतकं जवळ जाणं, ही त्यामागची कल्पना. एका शब्दात प्रवास संपला आहे, दुसऱ्यात अंतर कमी होत चाललं आहे आणि ते मिटेल की नाही हाच प्रश्न आहे.

इंग्रजी 'अराइव्ह'सुद्धा लॅटिन किनाऱ्यावरूनच आलं, 'रिपा' म्हणजे काठ. पण ते काठावरच थांबलं. स्पॅनिशमध्ये 'येगार आ' पुढे कुठलंही क्रियापद जोडता येतं. रेआल आकादेमिया एस्पान्योला या स्पेनच्या भाषा अकादमीनं इतर देशांतल्या अकादमींबरोबर 2009 साली काढलेल्या व्याकरणात अशा जोडक्रियापदांची सविस्तर चर्चा आहे. इंग्रजीत 'अराइव्ह टू सी', 'अराइव्ह टू बी' असं म्हणता येत नाही. म्हणून भाषांतर करणाऱ्याला 'कम', 'गेट', 'गो', 'एन्ड अप', 'इव्हन' यांच्यातून दर वेळी निवड करावी लागते. निवड कशाच्या आधारावर करायची हे समजायला इंग्रजीपेक्षा मराठी जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे 'मजल' हा शब्द आहे. मूळ अरबी 'मंझिल', एका दमात चालायचा प्रवासाचा टप्पा. 'शिव्या देण्यापर्यंत त्याची मजल गेली' असं आपण म्हणतो. 'तिनं मंत्रिपदापर्यंत मजल मारली' असंही म्हणतो. ही दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये एकाच रचनेत जातात: 'येगो आ इन्सुल्तार्मे' आणि 'येगो आ सेर मिनिस्त्रा'. इंग्रजीत मात्र वाटा वेगळ्या होतात. पहिल्याला 'ही वेन्ट सो फार अॅज टू इन्सल्ट मी' किंवा साधं 'ही इव्हन इन्सल्टेड मी'. दुसऱ्याला 'शी रोज टू बी अ मिनिस्टर' किंवा 'शी वेन्ट ऑन टू बिकम'. पहिल्यात मर्यादा ओलांडली आहे, दुसऱ्यात उंची गाठली आहे. स्पॅनिशला तो भेद क्रियापदात करावा लागत नाही, मजल एकच, संदर्भ उरलेलं सांगतो.

सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती 'येगे आ पेन्सार' या रूपाशी. उशिरा आलेल्या मित्राला कोणी म्हणतं, 'येगे आ पेन्सार के नो बेन्द्रीआस.' मी सुरुवातीला याचं 'आय केम टू थिंक यू वुडन्ट कम' असं करत असे. बराच काळ त्यात मला काही खटकलं नव्हतं. पण इंग्रजीत 'केम टू थिंक' म्हटलं की विचार करता करता माणूस एका मतावर स्थिर झाला आणि त्या मतावर अजून आहे, असं ऐकू येतं. स्पॅनिशमध्ये उलट आहे. 'येगे' हे भूतकाळातलं, पूर्ण झालेलं रूप आहे. विचार त्या टोकापर्यंत गेला, टेकला आणि परत आला, कारण मित्र समोर उभा आहे. 'एक वेळ तर मला वाटायला लागलं होतं की तू येतच नाहीस', असं आपण म्हणू. इंग्रजीत 'आय वॉज बिगिनिंग टू थिंक यू वेअरन्ट कमिंग' हे त्याच्या जवळ जातं. 'फॉर अ मोमेन्ट आय इव्हन थॉट' हेही चालेल. 'केम टू' वापरायचं ते 'येगामोस आ सेर आमिगोस' सारख्या ठिकाणी, जिथे मैत्री झाली आणि टिकली: 'वी केम टू बी फ्रेन्ड्स'.

याहून फसवं वाक्य म्हणजे 'सी लो येगो आ साबेर, नो बेंगो'. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात हे भरपूर ऐकू येतं. दोन्ही क्रियापदं वर्तमानकाळात आहेत, त्यामुळे नवशिक्या 'इफ आय गेट टू नो इट, आय डोन्ट कम' असं काहीतरी लिहितो. खरा अर्थ सरळ भूतकाळातल्या जर-तरचा आहे: 'इफ आय हॅड नोन, आय वुडन्ट हॅव कम'. 'आधी कळलं असतं तर आलोच नसतो.' इथे 'येगार'ला इंग्रजीत स्वतंत्र शब्द शोधूच नये. त्याचं काम घडून न गेलेल्या गोष्टीकडे बोट दाखवण्याचं आहे आणि ते काम इंग्रजी काळाच्या रूपानं करतं.

आता दुसरी बाजू. 'आल्कान्सार' समजून घ्यायला मला मराठीतल्या 'पुरणं' या क्रियापदाची फार मदत झाली. उंच फळीवरची वस्तू काढताना आपण म्हणतो, 'माझा हात पुरत नाही.' स्पॅनिश म्हणते 'नो आल्कान्सो'. 'पैसे पुरत नाहीत': 'नो मे आल्कान्सा एल दिनेरो'. 'वेळ पुरला नाही': 'नो मे आल्कान्सो एल त्येम्पो'. हात, पैसा, वेळ, तिघांनाही दोन्ही भाषांत एकच क्रियापद. इंग्रजीत मात्र तिघांना तीन वेगळी वाक्यं लागतात: 'आय कान्ट रीच', 'आय डोन्ट हॅव इनफ मनी' किंवा 'आय कान्ट अफोर्ड इट', आणि 'आय रॅन आउट ऑफ टाइम'. वाक्याची ठेवणही पाहा. 'नो मे आल्कान्सा' मधलं 'मे' म्हणजे आपलं 'मला'. पैसे हा कर्ता, आणि ज्याला ते कमी पडतात तो बाजूला उभा. इंग्रजी त्या माणसाला ओढून कर्त्याच्या जागी बसवते. 'द मनी डझन्ट रीच मी' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की पैसे टपालात हरवले.

याच 'पुरण्या'तून 'आल्कान्सार आ' पुढे क्रियापद जोडण्याची रचना येते. 'आल्कान्से आ ओईर' म्हणजे कान तिथवर पुरला, जेमतेम ऐकू आलं. 'मॅनेज्ड टू हिअर' म्हणावं तर त्यात खटपट येते, जणू कोणी भिंतीला कान लावून बसलं होतं. 'आय कुड जस्ट हिअर' किंवा 'आय जस्ट कॉट' हे जवळचं. दिसण्याच्या बाबतीत इंग्रजीकडे 'कॅच अ ग्लिम्प्स', 'कॅच साइट ऑफ' असे चांगले तयार प्रयोग आहेत. त्यांतल्या 'कॅच'मध्ये पाठलाग आहे, म्हणजे 'आल्कान्सार'च्या टाचेशी थोडं नातं लागतं. पाहणं, ऐकणं, समजणं यांच्याबरोबर ही रचना स्पेनमध्येही चालते. लॅटिन अमेरिकेत ती आणखी मोकळेपणानं कुठल्याही क्रियापदाला लागते: 'नो आल्कान्से आ तेर्मिनार', संपवायला वेळ मिळाला नाही, इंग्रजीत 'आय डिडन्ट हॅव टाइम टू फिनिश' म्हणावं.

नकारात दोन्ही शेजारी ठेवले की सुरुवातीचं वाक्य उलगडतं. 'नो आल्कान्से आ आब्लार्ले' म्हटलं असतं तर अर्थ असा झाला असता की बोलायचं होतं, धडपडही केली, पण वेळ पुरला नाही. 'नो येगे आ आब्लार्ले' मध्ये अपुरेपणाचं कारण नाही. गोष्ट त्या टप्प्यापर्यंत गेलीच नाही. कदाचित गाडी सुटली, कदाचित तोंडातून शब्द फुटला नाही, बोलणारा ते सांगत नाही. म्हणून पहिल्या भागाला 'आय कॉट साइट ऑफ हर' आणि दुसऱ्याला 'बट आय नेव्हर गॉट अॅज फार अॅज स्पीकिंग टू हर'. 'गॉट अॅज फार अॅज' मध्ये मजल आहे, 'कॉट' मध्ये हात आहे. मराठीत 'तिची ओझरती नजरभेट झाली' असं काही करायचा मोह होतो. तो टाळावा, कारण तिनं पाहिलं होतं असं मूळ वाक्य म्हणत नाही. 'ती जेमतेम दिसली, पण बोलण्यापर्यंत काही गेलंच नाही' एवढं पुरे.

दोहोंमधली रेघ सगळीकडे इतकी स्वच्छ नसते, हेही सांगायला हवं. स्पेनमधला माणूस 'आल्कान्सार'च्या बऱ्याच जागी 'येगार'च म्हणतो. पैसे पुरत नसले की माद्रिदमध्ये 'नो मे येगा' ऐकू येईल आणि मेक्सिकोत 'नो मे आल्कान्सा'. तेव्हा मजकूर कुठल्या देशातला आहे हे आधी पाहावं. स्पेनमधला लेखक 'नो येगे आ बेर्लो' (ते पाहायचं राहूनच गेलं) म्हणतो तेव्हा त्यात वेळेची कमतरता असूही शकते. मेक्सिकन लेखकानं तेच म्हटलं तर ती शक्यता कमी होते, कारण त्याच्या हाताशी दुसरं क्रियापद होतं आणि त्यानं ते घेतलं नाही.

पैशाच्याच संदर्भात 'येगार आ फिन दे मेस' हा प्रयोग मला विशेष आवडतो. शब्दशः, महिनाअखेरीला पोचणं. महिना हा रस्ता आहे आणि पगाराच्या शिदोरीवर तो चालून जायचा आहे. इंग्रजी 'मेक एन्ड्स मीट' मध्ये रस्ता नाही, दोन टोकं जुळवायची आहेत. आपली 'तोंडमिळवणी' अगदी त्याच जातीची. एरवी स्पॅनिशला मराठी जवळ वाटत असताना इथे मराठी इंग्रजीच्या बाजूला जाते. भाषांतरात मात्र एक बघावं: पुढच्या ओळीत लेखक तोच रस्ता पुढे चालवत असेल, वीस तारखेलाच दमलो वगैरे, तर 'मेक एन्ड्स मीट' वापरल्यावर ती ओळ अधांतरी राहते. अशा वेळी 'मेक इट टू द एन्ड ऑफ द मन्थ' ठेवावं.

ठरीव वाक्प्रचारांत फार विचार करायला जागा नसते, ते पाठच असावे लागतात. 'येगार आ लास मानोस' म्हणजे आपलं हातघाईवर येणं, इंग्रजीत 'कम टू ब्लोज'. 'नो ले येगा आ ला सुएला देल सापातो', त्याच्या बुटाच्या तळव्यालाही पोचत नाही. आपण पायाच्या नखाची सर नाही म्हणतो, इंग्रजीत तिथे मेणबत्ती येते, 'कान्ट होल्ड अ कॅन्डल टू हिम'. 'येगारा लेखोस' याचं 'ही विल गो फार'. आकड्यांबरोबर 'नो येगा आ क्वारेन्ता' म्हणजे चाळीसला थोडे कमी, 'जस्ट अन्डर फॉर्टी'. तापमान 40 अंशांवर गेलं असेल तर 'आल्कान्सो' आणि 'येगो आ' दोन्ही चालतात, इंग्रजीतही 'रीच्ड' निर्धास्तपणे लिहावं.

'ते आल्कान्सो' या दोन शब्दांपाशी मात्र थांबायला हवं. मेक्सिकोत कोणी 'आओरीता ते आल्कान्सो' म्हणालं तर 'तू हो पुढे, मी गाठतो तुला', म्हणजे 'आय विल कॅच अप विथ यू'. बुएनोस आयरेसमध्ये गाडीची किल्ली हातात घेऊन कोणी 'ते आल्कान्सो आस्ता तु कासा' म्हणालं तर तो तुम्हाला घरी सोडायला निघाला आहे, 'आय विल ड्रॉप यू होम'. पहिल्यात तुम्ही एकटे पुढे निघता, दुसऱ्यात गाडीत बसता. संवादाचं भाषांतर करताना हे उलट झालं तर पुढच्या दृश्यात ती दोघं एकाच गाडीतून का उतरली हे वाचकाला कळत नाही.

आणि फोनवरचं 'एस्तोय येगांदो'. 'आय अॅम अरायव्हिंग' असं इंग्रजीत सहसा कोणी म्हणत नाही, तिथे 'आय अॅम ऑलमोस्ट देअर' येतं. आपल्याला ते शोधावं लागत नाही, आपण रोजच म्हणतो: पोचतोच आहे.