जळालेल्या घराची खोटी साक्ष

साक्षीदार फितूर होतात, घटनास्थळ होत नाही, असं गुन्ह्यांच्या बातम्या वाचताना आपण धरूनच चालतो. पण घटनास्थळ स्वतःहून बोलत नाही, कुणीतरी त्याचा अर्थ लावतो. तो लावणाऱ्याला आगीचं भौतिकशास्त्र ठाऊक नसेल, तर माणसाचा जीव जाऊ शकतो.

२३ डिसेंबर १९९१ ला अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या कोर्सिकाना गावी एका लाकडी घराला आग लागली. आत असलेल्या तीन चिमुरड्या मुली दगावल्या. त्यांचे वडील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम वाचले. तपास अधिकाऱ्यांना जमिनीवर थारोळ्यासारखे काळे डाग दिसले, दाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या उंबऱ्याखालचं लाकूड जळालेलं दिसलं, खिडकीच्या काचेवर बारीक तड्यांचं जाळं दिसलं. आग तर वर चढते, मग जमीन एवढी कशी जळेल? कुणीतरी ज्वालाग्राही द्रव ओतला असणार, असा निष्कर्ष निघाला आणि बापावर खुनाचा खटला चालला.

आग वर चढते, हे बरोबरच आहे. पण बंद खोलीत ती वर जाऊन संपत नाही. तापलेला धूर आणि वायू छताला अडतात, तिथेच साठतात आणि त्यांचा थर जाड होत खाली येऊ लागतो. त्याचं तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसवर पोचलं की तो थरच भट्टीसारखा खाली उष्णता फेकतो. जमिनीच्या दर चौरस मीटरवर साधारण २० किलोवॉट प्रारण पडतं. भर दुपारच्या उन्हात ते जेमतेम १ किलोवॉट असतं. एवढ्या उष्णतेने गालिचा, सोफा, जमिनीचं लाकूड या सगळ्यांतून ज्वलनशील वायू सुटतात आणि काही सेकंदांत अख्खी खोली एकदम पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. इथून पुढे ज्वाळांना जळण भरपूर असतं, तुटवडा असतो तो ऑक्सिजनचा. म्हणून जिथून हवा आत येते, त्या दारं-खिडक्यांजवळ जमीन सर्वांत खोल जळते. थेंबभर पेट्रोल न सांडताही थारोळ्याच्या आकाराचे डाग पडतात, उंबऱ्याखालचं लाकूडही जळतं.

हे प्रत्यक्ष करून पाहिलेलं आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात लाइम स्ट्रीटवरच्या अशाच एका आगीच्या खटल्यात सरकारी पक्षाने शेजारचं, तशाच बांधणीचं घर मुद्दाम पेटवलं. फक्त सोफ्याला आग लावली होती. पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला आणि जमिनीवर तेच ‘ओतल्याचे’ डाग उमटले. आरोप मागे घ्यावे लागले.

काचेच्या तड्यांचंही तसंच. तापलेल्या काचेवर पाणी पडलं की तसे तडे जातात. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला तर काय होतं, ते अनेकांनी पाहिलेलं असेल. आणि आग विझवायला पाणी मारणारच!

विलिंगहॅमच्या घरातल्या नमुन्यांपैकी फक्त पुढच्या दारापाशी ज्वालाग्राही द्रवाचा अंश सापडला, आणि त्या पोर्चमध्ये कोळशाची शेगडी आणि ती पेटवायच्या द्रवाचा डबा होता. गुन्हा कबूल करून जन्मठेपेवर तडजोड करण्याचा प्रस्ताव विलिंगहॅम यांनी नाकारला होता. जेराल्ड हर्स्ट या रसायनशास्त्रज्ञाने हे पुरावे निकालात काढणारा अहवाल दिला, तरी १७ फेब्रुवारी २००४ ला मृत्युदंड अमलात आला.

आपल्याकडे मोठा गुन्हा घडला की वाहिन्यांवर ‘आता नार्को टेस्ट, आता सत्य बाहेर येणार’ असा गजर सुरू होतो. गुंगीतला माणूस खरंच बोलतो याला काडीचा आधार नाही, आणि संमतीशिवाय ही चाचणी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. यंत्राचं किंवा तज्ज्ञाचं नाव आलं की आपण प्रश्न विचारणं सोडतो, ही अंधश्रद्धाच आहे. ‘हे प्रयोग करून तपासलंय का?’ हे वकिलांनी आणि न्यायाधीशांनी विचारायलाच हवं.

विलिंगहॅमनंतर अवघ्या काही महिन्यांनी, ऑक्टोबर २००४ मध्ये, टेक्ससमध्येच अर्नेस्ट विलिस यांची सुटका झाली. त्यांच्यावरही आग लावून खून केल्याचा आरोप होता, पुरावाही त्याच जातीचा होता, आणि तोही हर्स्ट यांनी तपासला होता. मृत्युदंडाच्या छायेत विलिस यांची १७ वर्षं गेली. पुढे २०१३ मध्ये टेक्ससने कायदाच केला: ज्या विज्ञानावर शिक्षा झाली ते नंतर चुकीचं ठरलं, तर कैद्याला पुन्हा न्यायालयात दाद मागता येते.