वीरगळ वाचायचा तो खालून वर

कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही जुन्या देवळाच्या आवारात शेंदूर फासलेला, दोन-तीन फुटांचा उभा दगड दिसतो. कुणी त्याला म्हसोबा म्हणतं, कुणी नुसताच देव. करवीर तालुक्यातलं बीड गाव तर अशा दगडांसाठीच ओळखलं जातं. हे वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाची स्मारकं. त्यातले बरेचसे इथे राज्य करणाऱ्या शिलाहार राजघराण्याच्या आणि 1212च्या सुमारास त्यांचं राज्य घेणाऱ्या यादवांच्या काळातले.

दगडावर सहसा तीन-चार चौकटी असतात. सर्वांत खाली मरणाचं कारण असतं. तिथे गाई कोरल्या असतील तर वीर गोधन सोडवताना पडला. त्या काळी गुरं पळवणं म्हणजे गावाची शेती आणि दूधदुभतं दोन्ही लुटणं होतं, म्हणून अशा मरणाला एवढा मान. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो. जैन वीर असेल तर लिंगाच्या जागी जिनमूर्ती, म्हणजे तीर्थंकराची मूर्ती. माथ्यावरचे चंद्र-सूर्य सांगतात, कीर्ती आचंद्रार्क टिको.

गफलत होते ती मातीमुळे. शतकानुशतकं गाळ साचून खालची चौकट, म्हणजे गोष्टीची सुरुवातच, गाडली जाते. वर उरतात लिंग आणि पूजक. मग दगडाचा देव व्हायला कितीसा वेळ लागतो! दगडावर कोरलेला लेख क्वचितच असतो, त्यामुळे नावही कळत नाही. शेजारच्या कन्नड मुलखातल्या लेखांमुळे थोडा उलगडा होतो: मेलेल्याच्या घराला जमीन मिळे, तिला ‘नेत्तरुगोडगे’ म्हणत, म्हणजे रक्ताबद्दलचं इनाम. वीरगळामागे भक्तीबरोबर गावानं मान्य केलेलं देणंही होतं, हे त्यातून दिसतं.

कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचं स्मारक. बांगड्या न फुटलेल्या, म्हणजे अहेवपण अखंड.

पाहायला जावं ते सकाळी किंवा उतरत्या उन्हात. तिरप्या उजेडात झिजलेली रेघही उठून दिसते, भर दुपारी सगळं सपाट. नक्षी उठावी म्हणून खडू किंवा पीठ चोळू नये, आणि शेंदराचे थर तर ॲसिडनं किंवा तारेच्या ब्रशनं मुळीच काढू नयेत. शेंदराच्या पापुद्र्याबरोबर कोरलेला चेहराही निघून येतो. ऑइलपेंटचा हात त्याहून वाईट: बारीक रेघा बुजतात आणि खालून चढलेली ओल आतच अडकून दगडाच्या खपल्या सुटतात.