रिकाम्या सेलमधली दोन अक्षरं

मॅक्रो, म्हणजे वर्डकडून कामं करून घेणारा छोटा प्रोग्राम, म्हटलं की लोकांना अजून व्हायरसच आठवतो. भीती अगदीच निराधार नाही, १९९९ साली ‘मेलिसा’ पसरला तो वर्डच्या मॅक्रोतूनच. पण परक्या फाइलमधला मॅक्रो चालू करणं वेगळं आणि आपण चार ओळी लिहिणं वेगळं.

सोसायटीच्या अहवालातल्या तक्त्यांत कुठले सेल (चौकोन) रिकामे राहिलेत, ते मला शोधायचं होतं. वर्डमध्ये ऑल्ट-एफ११ आणि मग कंट्रोल-जी दाबलं की वर्डला थेट प्रश्न विचारायची जागा उघडते. तिथे प्रश्नचिन्ह देऊन ‘अ‍ॅक्टिव्हडॉक्युमेंट.टेबल्स.काउंट’ लिहिलं (अर्थात रोमन लिपीत). उत्तर आलं, २३ तक्ते.

मग प्रत्येक सेलचा मजकूर कोरा आहे का, हे तपासणारा छोटा मॅक्रो लिहिला. तो म्हणाला, एकही सेल रिकामा नाही! डोळ्यांना तर कोरे सेल दिसत होते. त्यातल्या एकाची लांबी विचारली, तर २.

ही दोन अक्षरं म्हणजे सेल कुठे संपतो ते सांगणारी खूण. मजकूर म्हणून मागितली की ती दोन कोड होऊन येते, १३ आणि ७. १३ म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत जा. ७ हा टेलिप्रिंटरवर घंटा वाजवणारा कोड. ती घंटा इथे सेलच्या शेवटी मुकी होऊन बसली आहे. गंमत पुढेच आहे: रेंजमध्ये, म्हणजे दस्तऐवजातल्या ‘इथपासून तिथपर्यंत’ अशा पट्ट्यात, हीच खूण एकच अक्षर धरली जाते. म्हणून रेंजचं टोक मागे घ्यायचं तर एक घर, पण हाती आलेल्या मजकुरातून छाटायची तर दोन अक्षरं. इथे भलेभले चुकतात.

वर-खाली जोडलेले सेल असले की ओळ क्रमांकाने ओळ मागताना मॅक्रो अडतो. वर्डचा तक्ता एक्सेलसारखी सरळ जाळी नसतो, प्रत्येक ओळ आपापल्या सेलची रुंदी स्वतः सांभाळते. अशा वेळी तक्त्याच्या रेंजमधले सेल एकेक घ्यायचे आणि प्रत्येकालाच विचारायचं, तुझी ओळ कितवी, रकाना कितवा.

‘एआयला दे, तो मोजेल’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मोजणी ही अंदाजाने उरकायची गोष्ट नव्हे. अर्थात मॅक्रोलाही प्रश्न नेमका लागतो. मी हाताने मोजले तेव्हा तक्ते २४ भरले. चोविसावा दुसऱ्या तक्त्याच्या सेलमध्ये होता, आणि आतले तक्ते त्या पहिल्या मोजणीत येतच नाहीत. ते बाहेरच्या तक्त्यालाच वेगळे विचारावे लागतात.