फ्लॅट लावूनही कोपरे काळेच का? वादाची पार्श्वभूमी

दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोत कोपरे मध्यापेक्षा काळे येतात. म्हणून एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो, म्हणजे फ्लॅट, घेऊन त्याने मूळ फोटोला भागतात; तरी कोपरे काळेच उरले की दोष कशाचा, यावर हौशी मंडळींत वाद होतो. काचेच्या फोटोप्लेटच्या काळात हा प्रश्न अशा रूपात नव्हताच. प्लेटवरचा काळेपणा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नसे. मग भागाकार कशाला कशाने करणार? १९६९ साली सीसीडी ही प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक चिप आली, तिचा प्रतिसाद जवळपास रेषीय होता, आणि फ्लॅटने भागणे हा वेधशाळांचा नित्यक्रम झाला. पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४पासून आहे. पण इथल्या हौशी मंडळींच्या डोक्याला फ्लॅटचा ताप झाला तो डीएसएलआर आणि पुढे खास आकाशासाठीचे, सीमॉस चिपचे कॅमेरे हाती आल्यावर.

खरा वाद फ्लॅटचा नाहीच; फ्लॅटमधून काय वजा करायचे, याचा आहे. कॅमेरा अंधारातही शून्य लिहीत नाही, वर एक ठरावीक आकडा मिळवतो. कॅननच्या बऱ्याच १४-बिट कॅमेऱ्यांत तो २०४८ आहे. समजा फ्लॅटच्या मध्यावर प्रकाशाचे ६००० आणि कोपऱ्यात ३६०० आकडे पडले, म्हणजे कोपरा ६० टक्के. २०४८ तसेच राहू दिले तर ८०४८ आणि ५६४८ होतात, आणि कोपरा ७० टक्के भासतो. भागाकारानंतर तो सुमारे १४ टक्के काळा उरतो. हाच आकडा फ्लॅटऐवजी लाइटमध्ये, म्हणजे आकाशाच्या मूळ फोटोत, राहून गेला, तर उलट कोपरे उजळतात. तरी लोक दोष देतात फ्लॅट घ्यायच्या एलईडी पॅनललाच!

सीसीडीवाल्यांनी हा आकडा वजा करायला बायस, म्हणजे झाकण लावून सर्वांत कमी एक्स्पोजरने घेतलेला फोटो, वापरला, आणि तो चालला. तीच सवय सीमॉसवर लादली गेली. काही सीमॉस सेन्सर अगदी कमी एक्स्पोजरला वेगळेच वागतात, त्यामुळे तिथला बायस फ्लॅटशी जुळत नाही. म्हणून डार्क फ्लॅट: फ्लॅटइतकेच एक्स्पोजर, तोच गेन (संवेदनशीलतेची सेटिंग), तोच ऑफसेट (कॅमेरा मिळवतो तो आकडा ठरवणारी सेटिंग), तेच तापमान, फक्त झाकण लावून. डीएसएलआरवाले बायसवरच खूश आहेत, सिरिल या फोटो-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता आकडा लिहूनही काम भागते, हे मान्य. पण थंड केलेल्या सीमॉसला बायसचा हट्ट कशासाठी, हे कळत नाही. आयएमएक्स २९४ सेन्सरवाल्यांना तर फ्लॅटच काही सेकंदांचे घ्यावे लागतात; पॅनलवर पांढऱ्या कागदांची चळत ठेवून प्रकाश कमी केला की झाले. लांब एक्स्पोजरने एलईडीच्या लुकलुकीचे पट्टेही टळतात.

पुण्याबाहेर वेल्ह्याला फोटो काढून घरी येऊन, कॅमेरा काढून पुन्हा जोडल्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये धुळीची कडी (धूलिकणांच्या गोल सावल्या) जागेवर बसत नाहीत. तिथे कोणतीही वजाबाकी कामाची नाही.

आणि वेल्ह्याच्या ईशान्येला पुण्याचा झगमगाट असतो. त्याने फोटोत पडणारा उजेडाचा उतार फ्लॅटने जात नाही, जाऊही नये. ओळखायचे सोपे आहे: मेरिडियन फ्लिपनंतरच्या (लक्ष्य मध्यान्हरेषा ओलांडताना दुर्बीण उलटी फिरवतात, त्यानंतरच्या), फ्लॅट लावलेल्या पण एकमेकींवर न जुळवलेल्या फ्रेममध्ये डाग त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष फ्लॅटचा, समोरच्या कोपऱ्यात गेला तर आकाशाचा.