शेडकार्डावरचा मोतिया भिंतीवर पिवळा का दिसतो?

शेडकार्डावरचा बोटभर चौकोन किती सौम्य दिसतो! पांढऱ्यात मोत्याची जेमतेम झाक. तोच रंग चारही भिंतींना लागला की खोली सायीसारखी पिवळसर भासू लागते आणि बोल रंगाऱ्याला किंवा डब्याला लागतो. बहुतेक वेळा दोघांचीही चूक नसते. रंग गडद केलेला असतो खोलीने.

आधी डब्यात काय असतं ते पाहू. पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. त्यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचं माप, सुमारे २.७, तर कणांना धरून ठेवणाऱ्या बाइंडरचा १.५ च्या आसपास. या मोठ्या फरकामुळे प्रकाश कणाकणाशी वळतो, विखुरतो आणि बराचसा माघारी येतो. या पांढऱ्यात पिवळी माती किंवा गेरूच्या जातीचं रंगद्रव्य किंचित मिसळलं की निळा प्रकाश थोडा जास्त शोषला जातो. उबदार ऑफ-व्हाइट म्हणजे निळ्यातली ही छोटीशी कपात.

आता खरी गंमत. समजा, एखाद्या छटेवरून तांबडा प्रकाश ८५ टक्के परततो आणि निळा ७५ टक्के. गुणोत्तर झालं १.१३. कार्ड हातात धरून पाहताना एवढाच फरक डोळ्यांना जाणवतो. पण बंदिस्त खोलीत एका भिंतीवरून परतलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर जातो, तिथून छताकडे, पुन्हा भिंतीकडे. दोनदा आपटल्यावर तांबडा उरतो ७२ टक्के, निळा ५६, गुणोत्तर १.२८. तिसऱ्या वेळी ६१ आणि ४२, म्हणजे १.४६. दर खेपेला निळ्याची जास्त गळती होते आणि पिवळेपणा साचत जातो.

हे घरबसल्या बघता येतं. त्या छटेचा मोठा नमुना-कागद मधोमध दुमडून अर्धवट उघड्या पुस्तकासारखा धरा आणि घडीच्या आत डोकवा. आतला रंग बाहेरच्यापेक्षा दाट दिसेल. दोन रंगवलेल्या भिंती मिळतात त्या कोपऱ्यात हेच घडतं. म्हणून दोन छटांमध्ये मन अडकलं तर मी फिकट छटेच्या बाजूने कौल देते.

उजेडाचा वाटाही मोठा आहे. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो, तिथला प्रकाश निळसर असतो; त्यात उबदार छटेची ऊब बरीच कमी होते. रात्री २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावला की ती परत येते, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली पुन्हा ओसरते. डोळा दिव्याच्या रंगाला बराचसा सरावतो हे खरं, पण पूर्ण नाही.

शेजारच्या रंगाचंही तसंच. कापड विणणाऱ्यांची तक्रार होती की काळा धागा फिका दिसतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांना आढळलं की दोष रंगाईत नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. म्हणूनच नमुना छपाईच्या कोऱ्या कागदावर ठेवून पारखू नका. त्या कागदात बहुधा अतिनील प्रकाश शोषून निळसर चमक देणारी द्रव्यं असतात, त्यामुळे त्याच्यापुढे कुठलाही मोतिया मळका वाटतो.

त्यापेक्षा मोठ्या पुठ्ठ्याला रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या इमल्शनमधला बाइंडर दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. त्यामुळे ओला रंग बघून निवड करण्यात अर्थ नाही. वाळलेला पुठ्ठा उभाच ठेवा, कारण भिंत उभी असते. सकाळी खिडकीशेजारी, दुपारी आतल्या भिंतीवर, रात्री रोजच्या दिव्याखाली बघा. जुन्या भिंतीचा रंग भडक असेल तर पुठ्ठ्याभोवती रुंद करडी पट्टी लावा, नाहीतर शेजारचा रंग नजर फसवेल.

दारांना आणि चौकटींना हीच छटा द्यायची असेल तर तेलरंग टाळलेला बरा. त्यातलं तेल काळाबरोबर पिवळं पडतं, आणि अंधारात जास्तच. कपाटामागे झाकलेली चौकट काही वर्षांनी उघडी केली तर तिच्यावर आणि शेजारच्या उजेडातल्या भागावर दोन वेगळ्या छटा दिसतात. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगात हा त्रास फारसा होत नाही.