पश्चिम घाटालगतच्या खाणपरवान्यांतील विलंब

सह्याद्रीच्या माथ्यावरील पठारांत आणि कोकणच्या सड्यांवर (कातळी पठारांवर) बॉक्साइट, जांभा व लोहखनिजाचे साठे आहेत. याच पर्वतरांगेतील ३९ स्थळांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार महाराष्ट्रात आहेत. या परिसरात खाणपट्ट्याचे (खनिज काढण्याच्या ठरावीक मुदतीच्या हक्काचे) अर्ज वर्षानुवर्षे अडकून पडतात आणि त्या सगळ्याला सरसकट ‘विलंब’ म्हटले जाते. मात्र कायद्याने ठरवून दिलेला अवधी वेगळा आणि सीमाच ठरलेली नसल्याने होणारा खोळंबा वेगळा.

ठरलेला अवधी फार मोठा नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या, २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. अंतिम अहवाल हाती आल्यावर तज्ज्ञ समितीला ६० दिवस आणि त्यानंतर निर्णयाला ४५ दिवस मिळतात. जमीन वनक्षेत्रात असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालची वेगळी मंजुरी लागते. वनहक्क कायद्यामुळे ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न येतो. अभयारण्याभोवतीचा संवेदनशील पट्टा अंतिमरीत्या जाहीर झालेला नसेल, तर १० किलोमीटरच्या आतील प्रकल्प राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे जातो. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि त्यांच्या सीमेपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकाम करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ च्या आदेशात कायम ठेवले. तिथे उशिराचा प्रश्नच उरत नाही.

खरे घोडे अडते ते संवेदनशील क्षेत्राच्या सीमारेषेवर. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ साली पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला. त्यानंतर शास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग पर्यावरण-संवेदनशील ठरवावा असे सुचवले. या क्षेत्रात नवी खाण नको आणि चालू खाणी पाच वर्षांत किंवा खाणपट्ट्याची मुदत संपताच बंद व्हाव्यात, अशी शिफारस होती. मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. ती अंतिम झाली नाही, मुदत संपली, पुन्हा काढली गेली. ३१ जुलै २०२४ रोजी निघालेला मसुदा सहावा. त्यात संवेदनशील म्हणून सुचवलेल्या सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटरांपैकी १७,३४० महाराष्ट्रात येतात आणि गावे वगळण्यासाठी राज्ये सतत आग्रह धरत आली आहेत. मसुद्याच्या काळातही खाणबंदी लागू राहते. त्यामुळे डोंगर तात्पुरता वाचतो, पण उद्या आपल्या गावाचे काय होणार हे गावकऱ्याला सांगता येत नाही, आणि पैसे गुंतवणाऱ्यालाही नाही. हा खोळंबा खाणवाल्यांनी घडवलेला नाही आणि पर्यावरणवाद्यांनीही नाही. तो शासकीय अनिर्णयाचा आहे.

याच्या अगदी उलट, जिथे थांबायला हवे तिथे घाई होते. आघात मूल्यांकनासाठी खाणीच्या परिसराची मूळ स्थिती एका हंगामात, पावसाळा वगळून, नोंदवली तरी चालते. सड्यासाठी ही अट घातक आहे. जानेवारीत सडा काळा, कोरडा, ओसाड दिसतो. जूननंतर त्याच कातळावर दवबिंदू, सीतेची आसवं ही रानरोपे आणि कंदीलपुष्पाच्या जाती उगवतात. त्यांपैकी काही जगात दुसरीकडे कुठेच आढळत नाहीत. शिवाय जांभ्याचा थर पावसाचे पाणी मुरवून ठेवतो आणि ते पायथ्याच्या झऱ्यांतून पुढे महिनोन्‌महिने झिरपत राहते. बॉक्साइट काढायचे तर हाच थर फोडावा लागतो. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत यातले फारसे काही दिसत नाही. एक पावसाळा थांबून सड्याची नोंद करा, ही वनस्पतिशास्त्रज्ञांची मागणी प्रकल्प अडवण्याचा डाव मानली जाते. वास्तविक अहवालाला अहवाल म्हणता यावे यासाठीची ती किमान गरज आहे.

सिंधुदुर्गातील सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा हे या साऱ्याचे ठळक उदाहरण. राधानगरीचे जंगल आणि गोव्या-कर्नाटकातील अभयारण्ये यांना जोडणारा हा वाघ-हत्तींचा मार्ग. कस्तुरीरंगन गटाच्या यादीतून दोडामार्ग तालुका सुटला होता आणि कळणे येथे लोहखनिजाची खाण आधीच सुरू होती. जुलै २०२१ च्या पावसात तिथला बांध फुटून खाणीतले पाणी व माती गावात शिरली. पट्ट्याचे संरक्षण मागणारी जनहित याचिका दशकभर मुंबई उच्च न्यायालयात चालली. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्राला हा पट्टा संवेदनशील जाहीर करण्यासाठी कालमर्यादा घालून दिली.

खाणपट्टा घेऊन ठेवणाऱ्यालाही काळ थांबवता येत नाही. १९५७ च्या खनिज कायद्यानुसार पट्टा मिळाल्यापासून दोन वर्षांत उत्पादन व पाठवणी सुरू झाली नाही, तर तो रद्दबातल होऊ शकतो. मुदतवाढीची सोय आहे, मात्र तिच्यासाठी कारणे पटवून द्यावी लागतात.